एका ओळीपुरती बॅटरी

येवला
१४ जून २००२

प्रिय उज्वलाताई,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोन करायचा तर फोन अण्णांच्या खाटेच्या डोक्याशी. कितीही हळू बोललं तरी "कोण गं?" येतंच. आणि तुमचं नाव घेतलं की सासरेबुवा कूस बदलतात. म्हणून हे आंतरदेशीय.

काम असं आहे. मी मागच्या वर्षी कॉम्प्युटरचा कोर्स केला ना, त्या क्लासच्या सरांनी त्यांचा एक जुना कॉम्प्युटर विकायला काढला, तो आम्ही घेतला. मी घरी टायपिंगची कामं घेते. अर्ज, लग्नपत्रिका, बायोडाटा. पण आपल्या गावची वीज तुम्हाला माहीत आहे. पेपरात भारनियमनाची वेळ दोनची छापतात आणि जाते अकराला. गेली की पडदा काळा आणि तासाभराचं काम पाण्यात.

बाजारात विचारलं. एक म्हणाला स्टॅबिलायझर घ्या. दुसरा म्हणाला इन्व्हर्टर घ्या, पंखापण चालेल. तिसरा म्हणाला यूपीएस. किती व्हीएचा घेऊ म्हटलं तर म्हणतो, "तुम्हाला कितीचा देऊ?" वांगी जोखतोय जसा काही. तुमच्या भावाला विचारलं तर मागावरून मान वर न करता म्हणाले, "घरात इंजिनिअर आहे, तिला विचार."

तर वन्सं, काय घेऊ? आणि तुम्ही कशा आहात? जेवणाचं काय करता?

तुमची,
मीना


सिडको, नाशिक
१९ जून २००२

मीनावहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं. मी इंजिनिअर नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे आणि अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये यूपीएस दुरुस्त करते. दादाला सांगा, फरक आहे.

स्टॅबिलायझर घेऊ नका. व्होल्टेज कमी-जास्त झालं तर तो सांभाळतो; वीज गेली की तोही गेला. इन्व्हर्टर दिवे आणि पंख्यांसाठी ठीक आहे. वीज गेल्यावर तो बॅटरीवर यायला किंचित वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तुम्हाला यूपीएसच लागेल.

कितीचा ते पुढच्या गोष्टी कळल्याशिवाय सांगता येणार नाही. कॉम्प्युटरच्या मागच्या पट्टीवर काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं उतरवून पाठवा. मॉनिटर किती इंचाचा आहे. प्रिंटर आहे का, आणि कोणता. त्याच बोर्डवर आणखी काय लावता. वीज साधारण किती वाजता जाते आणि किती वेळाने येते. प्लगच्या तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का. हे दादाला मेन स्विच बंद करून, बोर्ड उघडून बघायला सांगा. अंदाजाने "असेल" असं लिहू नका.

मी बरी आहे. डबा लावला आहे.

उज्वला


येवला
२७ जून २००२

प्रिय उज्वलाताई,

तुमचं पत्र म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. मी दोनदा वाचलं, कुठे "कसे आहात" सापडतंय का बघायला.

घ्या आकडे. पट्टीवर २३० व्होल्ट, २५० वॉट असं आहे. मॉनिटर पंधरा इंच, जाडा, मागे कुबड असलेला. प्रिंटर अजून नाही. त्या बोर्डवर दुसरं काही लावत नाही. वीज आठवड्यातून दोन-तीन दिवस जाते, बहुतेक सकाळी साडेदहा-अकराला. येते दोन-तीन तासांनी.

अर्थिंगचं काय सांगू! बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाची तार आत नुसती गुंडाळून ठेवलेली. बापजन्मी कुठे जोडलेलीच नव्हती. वायरमनने सांगितल्याप्रमाणे तुमच्या भावाने अंगणात खड्डा खणला, पाइप पुरला, मीठ आणि कोळसा टाकला. शेजारच्या झुंबरबाई भिंतीवरून बघत होत्या. "काय पुरताय रे सोमनाथ?" हे म्हणाले, "करंट." संध्याकाळी गल्लीत बातमी, की सोमनाथच्या घरी कोणीतरी करणी केली, उतारा पुरला. दुसऱ्या दिवशी एक बाई लिंबू घेऊन आली.

आता सांगा कितीचा. क्लासमधला यूपीएस वीज गेली की टीं टीं करायचा. हाही करील का?

मीना


सिडको, नाशिक
३ जुलै २००२

मीनावहिनी,

नमस्कार. अर्थिंग झालं हे चांगलं झालं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा पाणी ओता.

पट्टीवरचे २५० वॉट म्हणजे कॉम्प्युटरचा आतला डबा जास्तीत जास्त देऊ शकतो तो आकडा. प्रत्यक्षात तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून साधारण १६० वॉट घेतील. त्याला ५०० व्हीएचा यूपीएस पुरतो. आत बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. नवी असताना ती दहा ते बारा मिनिटं देईल.

दहा मिनिटं कमी वाटतील. कमी नाहीत. यूपीएस काम चालू ठेवायला नसतो, काम नीट थांबवायला असतो. आवाज सुरू झाला की फाइल सेव्ह करायची, मशीन बंद करायचं, यूपीएसचं बटण बंद करायचं. तीन मिनिटांत होतं. बॅटरी दर वेळी तळाला जाऊ दिली तर ती दोन महिने टिकणार नाही. हो, टीं टीं करतो. करायलाच हवं.

दादा रेशीम घ्यायला नाशिकला येतो तेव्हा वर्कशॉपवर येऊ दे. मी तपासलेला एक देते. सोबत एक तक्ता पाठवत आहे. वीज गेली की त्यात लिहायचं: तारीख, किती वाजता गेली, किती वाजता मशीन बंद झालं, शेरा. महिन्याने मला पाठवा.

उज्वला


येवला
१८ ऑगस्ट २००२

प्रिय उज्वलाताई,

यूपीएस आला, चालला, सगळ्या गल्लीने येऊन बघितला. पण आता तो चार मिनिटांत मान टाकतो. वर शेवटी शेवटी एकसारखा किंचाळतो. बॅटरी खराब निघाली का? तुम्ही तपासून दिली होती म्हणून विचारायला संकोच वाटतो.

दुसरं, ती टीं टीं बंद करता येईल का? फार त्रास होतो. काम करणाऱ्याचं लक्ष उडतं. मी त्यावर उशी ठेवून पाहिली.

रागावू नका.

मीना


सिडको, नाशिक
२२ ऑगस्ट २००२

मीनावहिनी,

उशी ताबडतोब काढा. यूपीएसला हवा लागते. आग लागेल.

बॅटरी खराब नव्हती. पाठवण्याआधी मी ती दोनदा पूर्ण भार देऊन मोजली होती. एकदा १२ मिनिटं, एकदा ११ मिनिटं ४० सेकंद. पाच आठवड्यांत ती चारवर येते याचा अर्थ एकच होऊ शकतो. त्यावर आणखी काहीतरी लावलेलं आहे. पंखा असेल किंवा टीव्ही. क्रिकेट चालू आहे हे मला माहीत आहे. दादाला विचारा.

आवाज बंद करता येणार नाही. तो त्रास देण्यासाठीच असतो.

तक्ता अजून आलेला नाही. तो बघितल्याशिवाय मी दुसरी बॅटरी सुचवणार नाही.

उज्वला


येवला
१ सप्टेंबर २००२

प्रिय उज्वलाताई,

तुमचा भाऊ चिडला आहे. म्हणाला, "तिला सांग, मॅच मी चिमाजीच्या टपरीवर बघतो, तिथे चहापण मिळतो." पंखा नाही, टीव्ही नाही, काही नाही. मी देवाशपथ लिहिते. उशी काढली.

तक्ता पाठवते. पाठवणार नव्हते. एवढंच म्हणते की तो वाचून लगेच काही लिहू नका, थोडा विचार करून लिहा.

मीना

(सोबतचा तक्ता)

१५ जुलै. वीज गेली १०.५२. मशीन बंद ११.०४. शेरा: मान पुरी झाली.
१९ जुलै. गेली ११.१०. बंद ११.२२. शेरा: चोच राहिली.
२२ जुलै. गेली १०.४०. बंद १०.५१. शेरा: चोच पुन्हा राहिली. उद्या नाही बसणार म्हणाले.
२५ जुलै. गेली ११.०५. बंद ११.१५. शेरा: टीं टीं मुळे मोजणी चुकली.
३० जुलै. गेली १०.३५. बंद १०.४४. शेरा: चोच पुरी. पेढा दिला.
२ ऑगस्ट. गेली १०.५०. बंद १०.५८. शेरा: पंख.
६ ऑगस्ट. गेली ११.००. बंद ११.०७. शेरा: पंख. पहिल्यापासून.
९ ऑगस्ट. गेली १०.४५. बंद १०.५०. शेरा: पंख. पहिल्यापासून.
१२ ऑगस्ट. गेली १०.३१. बंद १०.३५. शेरा: डोळ्यातच गेली. आता बसणार नाही म्हणाले.


सिडको, नाशिक
६ सप्टेंबर २००२

मीनावहिनी,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार दिवस थांबून लिहीत आहे.

आधी बॅटरीबद्दल. तक्त्यात नऊ वेळा वीज गेली आहे आणि नऊही वेळा मशीन कोणी बंद केलेलं नाही, ते बॅटरी संपून पडलं आहे. बॅटरी त्यामुळे मेली. पंखा आणि टीव्हीबद्दल मी चुकीचं लिहिलं. दादाला सांगा.

आता दुसरं. अर्जाला चोच नसते. लग्नपत्रिकेवर गणपती असतो, पण त्याची मान पुरी करायला बारा मिनिटं लागत नाहीत. तुम्ही टायपिंग करत नाही आहात. कोणीतरी सांगतंय आणि तुम्ही भरत आहात. सांगणारा माणूस चूक झाली की पहिल्यापासून सुरू करतो. पैठणीच्या काठावरच्या मुनियाची चोच तोंडपाठ असलेला माणूस घरात एकच आहे.

मला काय सांगायचं आणि काय नाही हे तुम्ही ठरवा. पण भार आणि वेळ मला खरे कळले नाहीत तर मी देईन ती दुसरी बॅटरीही मरेल.

उज्वला


येवला
११ सप्टेंबर २००२

प्रिय उज्वलाताई,

देवाशपथ लिहून खोटं बोलले नव्हते, पंखा नव्हताच. पण बाकीचं खोटं होतं. अण्णांनी शपथ घातली होती, "तिला कळता कामा नये." आता तुम्हाला कळलंच आहे, तर ती शपथ मोडली असं मी धरत नाही.

माघात अण्णांचं प्रेशर वाढलं होतं असं आम्ही तुम्हाला कळवलं. नुसतं प्रेशर नव्हतं. झटका होता, बारीक. डावा हात गेला. आता थोडा उचलतात, पण विणायची कांडी धरता येत नाही. त्यांचा माग बंद आहे. आणि विसरतात. माणसं विसरत नाहीत, पैसे विसरत नाहीत, पण एक दिवस म्हणाले, "मीना, मोराच्या पायाशी नारिंगी धागे किती ते सापडत नाही गं." सकाळभर सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सापडले. त्या दिवशी ते घाबरले. मी त्यांना घाबरलेलं आधी पाहिलं नव्हतं.

तुम्हाला माहीतच आहे, आजोबांची मुनिया आणि तो पदराचा मोर कुठेही कागदावर नाही. यांना साधा काठ येतो, मुनिया आणि मोर येत नाहीत. "हात चालतोय तोवर कागद कशाला?" असं अण्णा म्हणायचे. तुम्ही नाशिकला निघालात त्या दिवशी म्हणालात ना, की हे सगळं कॉम्प्युटरवर दोन तासांत उतरेल, नाही उतरवलं तर अण्णांबरोबर जाईल. तेव्हा मी नवी होते, दाराआड उभी होते. ते म्हणाले, "तुझं मशीन ओळ अर्धी टाकून झोपेल, मी टाकत नाही." आणि मग चार वर्षं तुम्ही दोघं बोलला नाहीत.

आता ते रोज अंघोळ करून साडेनऊला माझ्या शेजारी पाटावर बसतात. साडेअकरापर्यंत डोकं ताजं असतं, नंतर नाही. म्हणून वीज आल्यावर बसू, असं चालत नाही. मी एक्सेलमध्ये चौकोन केलेत, एक चौकोन एक धागा. ते डोळे मिटून सांगतात, "दोन हिरवे, एक सोड, तीन लाल." ओळ झाली की मी वाचून दाखवते, ते बोटाने मांडीवर मोजतात. मग पुढची.

तुम्ही लिहिलंत, आवाज आला की सेव्ह करा, बंद करा. मी सेव्ह करते हो. पण अण्णा उठत नाहीत. ओळ पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. "थांब, बारा राहिलेत." आणि मी त्यांना काय म्हणू? ओळ मध्ये तुटली की दुसऱ्या दिवशी मधून सांगता येत नाही त्यांना. पहिल्या धाग्यापासून लागतं, आणि कधी कधी तेव्हा आकडा वेगळा येतो. मग कुठला खरा, तेच कळत नाही. अशा दोन ओळी लाल करून ठेवल्यात मी.

१२ ऑगस्टपासून बसले नाहीत. आणि मला सहावा लागला आहे. डिसेंबरात मी माहेरी जाणार, वैजापूरला. मुनिया अर्धीच झाली, मोर तर अजून पूर्ण राहिला आहे.

मीना


सिडको, नाशिक
१४ सप्टेंबर २००२

मीनावहिनी,

यूपीएस काम नीट थांबवण्यासाठी असतो असं मी लिहिलं होतं. ते बरोबर आहे. फक्त त्या घरात नीट थांबणं कशाला म्हणतात ते मी हिशेबात धरलं नाही. मला ते माहीत असायला हवं होतं. सात वर्षांची असताना मी मागच्या पायरीवरून पडले, हात मोडला. अण्णा चार पावलांवर मागावर होते. त्यांनी ओळ पुरी केली आणि मग उठले. एक ओळ किती वेळाची असते ते मी त्या दिवशी जमिनीवर पडून मोजलं आहे.

झटक्याबद्दल मला तेव्हाच कळवायला हवं होतं. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

आता मला पुढचं कळवा. सांगणं आणि वाचून दाखवणं धरून एका ओळीला किती मिनिटं लागतात. सगळ्यात मोठ्या ओळीला किती. घड्याळ लावून मोजा, किमान पाच ओळी. वीज असताना मोजा, यूपीएस काढून ठेवा म्हणजे त्यांना आवाजाची धास्ती राहणार नाही. ते बसायला तयार नसतील तर त्यांना सांगा, धागे मोजायचे नाहीत, ओळीचा वेळ मोजायचा आहे. मी विचारलं आहे असं सांगायचं की नाही ते तुम्ही बघा.

तब्येत सांभाळा. बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या, स्टूल नको.

उज्वला


येवला
२३ सप्टेंबर २००२

प्रिय उज्वलाताई,

सांगितलं. तुमचं नाव घेऊनच सांगितलं, मला आता लपवाछपवी झेपत नाही. अण्णा म्हणाले, "वेळ कशाला पाहिजे तिला?" मी म्हटलं, "ओळ पुरी होईल एवढी बॅटरी करणार आहेत." ते म्हणाले, "असं मापाने करतात?" मी म्हटलं, "त्या करतात." उठले आणि पाटावर बसले.

पाच ओळी: १७ मिनिटं, १९, १८, २१, १८. मोराची मधली ओळ सगळ्यात मोठी, ती अजून यायची आहे. ते म्हणतात, "तिला पंचवीस लिहायला सांग."

खुर्ची आणली.

मीना


सिडको, नाशिक
५ ऑक्टोबर २००२

मीनावहिनी,

वीज ओळीच्या पहिल्याच धाग्याला गेली असं धरलं. मोठी ओळ २५ मिनिटं, सेव्ह करून बंद करायला ३, वर थोडी राखीव. म्हणजे अर्धा तास. बॅटरी अर्ध्याहून खाली जाऊ द्यायची नाही, म्हणजे ती तासाभराची हवी. सात अँपिअर-तासांच्या बॅटरीने हे होणार नाही. सव्वीसची घेतली आहे, आणि ती भरू शकेल असा चार्जर असलेला मोठा यूपीएस. बाजारात अशी जोडी तयार मिळते, पण दुकानदार ती मोठ्या ऑफिसला लागते म्हणून दाखवत नाहीत. बॅटरी बाहेर, वेगळ्या पेटीत आहे. जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा. वर उशी नको.

काल वर्कशॉपमध्ये १६० वॉटचे दिवे लावून मोजली. बंद पडेपर्यंत एक तास तीन मिनिटं. तुम्ही तिथपर्यंत कधी जाणार नाही.

आवाजाबद्दल. मी लिहिलं होतं की तो बंद करता येणार नाही. करता येतो. यूपीएस उघडून बझर काढला आहे. त्या जागी एक बारीक लाल दिवा जोडला आहे, दोन मीटर तारेवर. तो तुमच्या कीबोर्डच्या उजव्या बाजूला चिकटवा. अण्णा डाव्या बाजूला बसतात असं मी धरलं आहे, म्हणजे त्यांना तो दिसणार नाही. वीज गेली की तो मिचमिचेल. तुम्ही काही बोलायचं नाही. ओळ पुरी होऊ द्यायची, वाचून दाखवायची, मग बंद करायचं. त्यांना वीज गेल्याचं कळायची गरज नाही.

दादा मंगळवारी येतो आहे, त्याच्याबरोबर देते. पेटी जड आहे. एसटीत टपावर टाकू नका म्हणावं.

उज्वला

ता. क. लाल करून ठेवलेल्या दोन ओळी तशाच ठेवा. मुनिया पुरी झाली की डावा आणि उजवा पक्षी शेजारी ठेवून बघा. आजोबांच्या काठात ते आरशातल्यासारखे असतात. कुठला आकडा खरा ते त्यावरून कळेल.


येवला
२ नोव्हेंबर २००२

प्रिय उज्वलाताई,

मुनिया झाली! दोन्ही लाल ओळी सुटल्या. तुम्ही म्हणालात तसे पक्षी समोरासमोर ठेवले, एकीत अकरा बरोबर निघाले, एकीत नऊ. अण्णांनी पडद्याला बोट लावून स्वतः मोजले. पडद्यावर हळदीचा डाग आहे, मी पुसला नाही.

दिवा मस्त चालतो. वीज पाच वेळा गेली, त्यांना एकदाही कळलं नाही. आता ऐका गंमत. सहाव्या वेळी मिचमिच सुरू झाली आणि मी गुपचूप बसले. ओळ संपली, मी वाचून दाखवली, तेव्हा डोळे मिटलेलेच, म्हणाले, "गेली ना? पंखा थांबला केव्हाच. मी काय वेडा हाय?" म्हणजे सहाही वेळा माहीत होतं! मी म्हटलं, "मग बोलला का नाही?" म्हणाले, "दिवा तिनं तुझ्यासाठी लावला. मी कशाला बोलू?"

मोर सुरू केला. पण मी फार वेळ बसू शकत नाही आता. पाय सुजतात. डॉक्टरांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा म्हणून सांगितलं आहे.

सोबत अण्णांचं पाकीट आहे. मी उघडलेलं नाही. खरंच नाही.

मीना


(सोबतचं पत्र)

चि. उज्वला,

आशीर्वाद.

तू दोन तासांत उतरेल म्हणाली होतीस. मुनियालाच चार महिने लागले. तुझा हिशेब चुकला. मी ओळ अर्धी टाकत नाही म्हणालो होतो. डोक्यातून ओळ अर्धी सुटते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझाही चुकला.

बॅटरी चांगली केली आहेस. पंचवीस मिनिटं मी सांगितली होती, तू अर्धा तास धरलास. तसंच धरावं. मागावर ताणा लावतानाही आम्ही हातभर धागा जास्त धरतो.

तू पायरीवरून पडलीस तेव्हा चौदा धागे राहिले होते. सहा जरीचे, आठ जांभळे. बाकी लय विसरलो, ते नाही विसरत. आई तुझी मला त्यावरून मरेपर्यंत बोलली.

मोर मोठा आहे. मीना जाणार. सोमनाथची बोटं त्या मशीनवर चालत नाहीत, त्याचा माग चालू पाहिजे. मशीनवर बसायला माणूस नाही. शनिवार-रविवार तुला सुट्टी असते असं मीना म्हणते.

याला उत्तर पत्राने पाठवू नकोस.

अण्णा


(यूपीएसचा तक्ता, दुसरं पान. अक्षर मीनाचं.)

११ नोव्हेंबर. वीज गेली १०.४०. मशीन बंद १०.५८. शेरा: तुरा. ओळ पुरी.
१५ नोव्हेंबर. गेली ११.०२. बंद ११.१४. शेरा: तुरा. ओळ पुरी.
२१ नोव्हेंबर. गेली १०.३३. बंद १०.५६. शेरा: मान. ओळ पुरी. मोठी होती.
२८ नोव्हेंबर. गेली १०.४७. बंद १०.५५. शेरा: मान. ओळ पुरी.
७ डिसेंबर, शनिवार. वीज गेली नव्हती. मशीन बंद १०.५०. शेरा: उज्वलाताई आल्या. अण्णा ओळ अर्धी टाकून उठले. सदतीस धागे राहिले.
७ डिसेंबर. मशीन सुरू ११.१५. तीच ओळ पहिल्यापासून. मशीनवर उज्वलाताई.